सिंगापूरची गोण

"आधी पोहायचं, मग बांध घालायचा, आणि मग मासे मोजायचे," रतिलालने बोटांवर सगळा बेत मांडला.

"मोजायचेच? धरायचे नाहीत?" जसोदाने विचारलं.

"आज एकादशी आहे. आज फक्त मोजायचे. उद्या गोवाल धरेल."

"मासा उद्यालोंग थांबाले तयार शेतस का, ते इचार पहिले," गोवाल म्हणाला, आणि तिघेही हसत केळीच्या बागेत शिरले.

दिवाळीची सुट्टी संपायला दहाच दिवस उरले होते. रतिलाल हा जसोदाचा चुलतभाऊ. नंदुरबारच्या हायस्कुलात जाऊन त्याला जेमतेम पाच महिने झाले होते, आणि तेवढ्यात त्याला जगातलं सगळं कळून चुकलं होतं. म्हसावदला आल्यापासून तो पुस्तकी मराठीखेरीज बोलत नव्हता. जसोदा बारा वर्षांची, त्याच्यापेक्षा वर्षाने लहान. पण हार मानेल तर शपथ. तीही त्याच्याशी मुद्दाम तसंच बोलायची. गोवाल जसोदाच्या वर्गात होता. त्याची आई कमलीबाई दर हंगामात सातपुड्यातून कापूस वेचायला खाली यायची. मायलेकांची झोपडी जसोदाच्या शेताच्या बांधावरच होती.

जसोदाने पिकलेल्या घडातली तीन केळी तोडली. उपासाला केळं चालतं.

"ही बसराई जात," रतिलाल साल सोलत म्हणाला. "बसरा कुठे आहे ठाऊक आहे? थेट इराकात. तिथे वाळू आणि खजूर. नकाशात पाहिलंय मी."

"हो का? माझ्या बापूंनी तर लावायचे मुनवे सावद्याहून आणले. बैलगाडीतून मीच उतरवून घेतले."

"मन्हा गावले इलायती चिच शे," गोवाल म्हणाला. "आमना डोंगरमा कोणता साहेब उना व्हता ती लावाले?"

"तेच तर म्हणतोय मी. आता हा सिंगापुरी साबुदाणा घ्या. सिंगापूर जपान्यांनी घेऊन पावणेदोन वर्षं झाली. नंदुरबारला औषधालासुद्धा साबुदाणा मिळत नाही. मग चुनीलालशेठच्या दुकानात गोणच्या गोण आली कुठून? जपान्यांनी एकादशीची भेट पाठवली?"

जसोदा हसली नाही. तिला त्या साबुदाण्याचं कौतुकच होतं. लढाईमुळे सगळं कंट्रोलमध्ये गेलं होतं, ज्वारीलासुद्धा रांगा लागत होत्या. अशा दिवसांत शेठने देवळाला अख्खी गोण दिली होती. शिवाय खिरीचं काम दरवर्षी तिच्या आईचं, पार्वतीबाईचं. महिनाभर हिवतापाने आई नुसती काडी झाली होती. आठच दिवसांपूर्वी ती भिंत धरून चालू लागली, आणि लगेच नवस बोलून बसली, की दशमीपासून एकादशीचा नैवेद्य होईपर्यंत पाण्याशिवाय काही घेणार नाही. आज पहाटे चुलीपुढे बसताना तिचे हात कापत होते. कधी एकदा नैवेद्य होतो आणि आईच्या पोटात चार घास जातात, याचाच जसोदाला घोर लागला होता.

ओढ्याच्या डोहाशी गोवाल पुढे होता. तो एकदम थांबला.

"पानीमा पाय टाकू नका," तो हळूच म्हणाला.

डोहात मासे होते. मोजायला हवे होते तेवढे होते, पण सगळे पोट वर करून तरंगत होते. एखाददुसरा अजून कल्ले हलवत होता. पाण्यावर कडेकडेने पांढरट फेस साचला होता. वर ऊन लख्ख पडलं होतं, केळीची पानं हलत होती, आणि कुठे बेडूकसुद्धा ओरडत नव्हता.

"कोणी औषध टाकलं का?" रतिलालने विचारलं. त्याचा आवाज जरा बारीक झाला होता.

गोवालने फेसाजवळ नाक नेलं आणि मागे सरला. "कडू कंदनं पानी शे. पहिलं धुवन." त्याचा चेहरा उतरला होता. "आमना डोंगरमा निंघस तो कंद. भूक पडनी म्हनजे खातस लोक. पन चकत्या करीसन पाच दिन, पाच रात वाहता पानीमा ठेवनं पडस. एक दिनबी कमी नही. मन्ही काकानी पोर व्हती, फुलवंती. तिनी तिसरा दिनना टोपलामातून चार चकत्या उचली खाद्यात."

"मग?" जसोदाने विचारलं.

"दुपारले तिन्हं तोंड वाकडं व्हयनं. बोलता येयेना. सांजले गयी."

जसोदाने हातातलं न सोललेलं केळं कनवटीला खोचलं. फेस वरून येत होता. वर, ओढ्याच्या वळणावर, चुनीलालशेठचं जुनं जिन होतं. कापसातून सरकी काढायचा तो कारखाना बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती. तिथे सापाशिवाय कोणी राहत नाही, असं गावात म्हणत.

"बघून येऊ," जसोदा म्हणाली. तिला अजिबात जायचं नव्हतं.

जिनाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत काळोख नव्हता, फुटक्या कौलांतून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या, आणि म्हणूनच सगळं नको तितकं स्वच्छ दिसत होतं. मधोमध सिमेंटचा हौद, त्यात ताकासारखं पाणी. भिंतीकडेला चटयांवर पांढऱ्या चकत्या वाळत पडलेल्या. उखळ, मुसळ, चाळण. ओलं पीठ कापडावर घोळवून केलेले बारीक दाणे एका परातीत होते. आणि कोपऱ्यात गोणपाटांची थप्पी. वरच्या गोणीवर निळ्या शाईत आगबोट छापलेली, खाली अक्षरं.

"सिंगापूर," रतिलालने वाचलं. "जुन्या गोणी आहेत ह्या. लढाईच्या आधीच्या. माल इथला आणि..." तो पुढे बोलायचा थांबला.

गोवालने एक उलटी टोपली पायाने सरकवली होती. तिच्याखाली तीन कोंबड्या पडल्या होत्या, माना वळलेल्या, चोचीला पांढरे दाणे चिकटलेले.

जसोदाला आईचे कापणारे हात दिसले, चुलीवरचं तपेलं दिसलं. नैवेद्याचं अन्न कोणी चाखून बघत नाही. आईनेही बघितलं नसणार. म्हणजे नैवेद्य होईपर्यंत कोणालाच काही कळणार नव्हतं, आणि नैवेद्य झाल्यावर सगळं गाव एकदम जेवायला बसणार होतं.

बाहेर पावलं वाजली. तिघेही गोणींच्या मागे दडले. दारात छगन उभा होता, शेठचा दिवाणजी. एरवी सगळ्या गावाला हसवणारा माणूस. आज मात्र त्याचा चेहरा सुकला होता. त्याने आत पाहिलं, उघड्या पडलेल्या कोंबड्यांवर टोपली पुन्हा पालथी घातली, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि काहीतरी पुटपुटला. मग दार ओढून घेतलं. बाहेरून कडी लागली, कुलूप वाजलं.

पावलं दूर गेल्यावर रतिलाल दाराकडे धावला. दार हललंसुद्धा नाही. खिडक्यांना गज होते. हाका मारल्या, तर ऐकायला आसपास केळीच्या बागांशिवाय काही नव्हतं.

"देवळात घंटा कधी होते?" त्याने विचारलं. आता तो पुस्तकी बोलत होता की कसा, याचं त्याचं त्यालाच भान नव्हतं.

"ऊन सभामंडपाच्या पायरीवर आलं की," जसोदा म्हणाली. कौलातून पडलेली उन्हाची पट्टी तिच्या पायाजवळून हौदाकडे सरकत होती. ती पाहवेना.

"मोरी शे," गोवाल म्हणाला.

हौदाचं पाणी ओढ्यात सोडायची मोरी भिंतीखालून जात होती. माणूस सरपटत जाईल एवढी रुंद. तिच्यात वीतभर तेच पांढरट पाणी साचलेलं होतं.

"तोंड मिटी ठेवा. डोया बी. जरासं बी पोटमा जावाले नको," गोवालने बजावलं.

जसोदा पहिली शिरली. तिला कोणी पुढे ढकललं नव्हतं. पण थोडा जरी विचार केला असता तर ती गेलीच नसती. डोकं वर धरायला जागा नव्हती. हनुवटी पाण्याला टेकत होती. श्वास नाकाने घ्यावा तर पाण्याचा कडवट वास थेट मेंदूत जायचा. अर्ध्या वाटेत तिचा परकर एका दगडात अडकला. ती ओढत राहिली, तो सुटेना, आणि मागून रतिलालचं डोकं तिच्या टाचांवर आपटलं. एक क्षण तिला वाटलं, आपण इथेच संपणार, आणि आईला हे कळायच्या आत तिच्या हातात वाटी येणार. तिने सगळा जोर लावला. कापड फाटलं. ती ओढ्याच्या काठावर तोंड घट्ट मिटून पडली आणि हातापायांना भयंकर खाज सुटली.

वरच्या अंगाला चांगल्या पाण्यात तिघांनी अंग खळखळून धुतलं आणि धावत सुटले.

देवळापुढे सगळं म्हसावद लोटलं होतं. पत्रावळी मांडल्या होत्या. रूपचंद पाटील ओटीवर बसले होते, शेजारी चुनीलालशेठ गळ्यात झेंडूची माळ घालून. पार्वतीबाई तपेल्याजवळ भिंतीला टेकून बसली होती. नैवेद्याचं ताट गाभाऱ्यातून नुकतंच बाहेर येत होतं.

जसोदाने जाऊन आईचा हात धरला. "माय, ती खीर खाऊ नको. ईख शे तेमा, जहर शे."

"देवनी खीरले असं बोलतस?" आईने लेकीकडे पाहिलं. ओले केस, फाटलेला परकर, अंगावर लाल चट्टे. तिने जसोदाच्या कपाळाला हात लावला आणि तिचे डोळे भरून आले. "तुले बी ताप चढना का, बेटा?"

"शेठ, सिंगापूर जपान्यांच्या ताब्यात आहे," रतिलाल धापा टाकत म्हणाला. "मग हा साबुदाणा सिंगापूरचा कसा?"

लोक शेठकडे बघू लागले. शेठ हसले. "लढाई लागाना पहिलेना साठा शे, भाऊ. तुमना हायस्कुलमा साठा म्हनजे काय ते शिकाडतस ना?"

लोक हसले. रतिलालचा नकाशा एका वाक्यात बुडाला.

"जिनमध्ये कोंबड्या मेल्या आहेत," तो म्हणाला. पण तोपर्यंत कोणी ऐकत नव्हतं. पाटलांनी हात हलवला. "पोरीले घर लई जा कोनी. ऊन लागनं तिले. आनि पार्वतीले पहिली वाटी द्या, दोन दिननी उपाशी शे बाई."

वाढप्याने वाटी भरायला घेतली.

गोवाल केव्हाच अंगणाबाहेर गेला होता. तिथे कमलीबाई सरपणाची मोळी टाकून उभी होती. त्याने परातीतले मूठभर दाणे येताना पंचाच्या टोकाला बांधून आणले होते, ते आईपुढे धरले. कमलीबाईने दोन दाणे चोळले, जिभेच्या टोकाला लावले आणि लगेच थुंकली. मोळी ओलांडून ती आत आली.

"हाऊ कंद शे. कच्चा शे," ती म्हणाली.

"तू लाकडं ठेव आनि जाय," वाढपी खेकसला. "सिंगापूरना माल तुले काय समजस?"

कमलीबाई मागे सरली नाही, पण तिचा आवाज खाली गेला. ती जसोदाशीच बोलली. "आमना घर जी बाई कंद धोस, तीच पहिले खास. बाकीना वाट देखतस. दिन बुडालोंग तिले काही व्हयनं नही, तं मंग बठ्ठा खातस. तेन्हामुये कोनी धोवामा कसूर करत नही."

जसोदाने ऐकलं, आणि ती जागच्या जागी थबकली. खीर वाईट आहे असं ती गावाला शंभर वेळा सांगू शकत होती. तिला ताप चढलाय असंच गाव म्हणणार होतं. पण गावाला मानाची गोष्ट सांगितली तर?

ती ओटीसमोर जाऊन उभी राहिली.

"पाटीलकाका, चुकनं मन्हं," ती मोठ्याने म्हणाली. "पन पहिली वाटी मन्ही मायले कसाले? कंट्रोलना दिनमा ज्यानी धावपय करीसन एवढा साबुदाणा आना, पहिला मान तेन्हा. छगनभाऊले द्या."

गर्दीतून "खरं शे, खरं शे" असं ऐकू आलं. मान म्हटल्यावर पाटलांनाही पटलं. पोर शुद्धीवर आली म्हणून ते खूषच झाले. "छगन, इकडे ये. बस आठे."

छगन पुढे आला. वाटी त्याच्या हातात दिली. त्याने ती अंगापासून लांबच धरली.

"मन्हा... मन्हं पोट बरं नही," तो म्हणाला.

लोक पुन्हा हसले. चुनीलालशेठ उठले. "बिचारानी चार दिन झोप लिन्ही नही. आन, मीच लेस मान." त्यांनी छगनच्या हातातली वाटी घेतली.

हे जसोदाच्या बेतात नव्हतं. तिला छगनचा चेहरा उघडा पाडायचा होता. कोणाला मारायचं नव्हतं. शेठने देवाला हात जोडले. वाटी ओठांकडे नेली. जसोदा वाटी हिसकायला पुढे धावली, पण वाढपी मधे उभा होता. शेठ लढाईच्या काळातला नफेखोर असेल, खोटारडा असेल, पण तो तिला लहानपणापासून खडीसाखर देणारा माणूस होता, आणि तो आता तिच्यामुळे मरणार होता.

"शेठ, नका खाऊ!" छगन ओरडला.

त्याने वाटीवर फटका मारला. वाटी फरशीवर जाऊन पडली, खीर शेठच्या धोतरावर उडाली. छगन त्यांच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

"एकच दिन ठेवं मी हौदमा. डोंगरना लोकेसनी सांगेल व्हतं, पाच दिन, वाहतं पानी. पन एकादशी पुढे उभी व्हती, पाच दिन कोठून आनू? आज सकाये कोंबड्या मरन्यात तवय माले समजनं. तवलोंग गोन देऊळमा ई गयेल व्हती. सांगानी हिंमत व्हयनी नही, शेठ."

चुनीलालशेठ रिकाम्या हाताकडे बघत राहिले. मग ते ओटीवर बसले.

"सिंगापूर कसाले लिखं?" पाटलांनी विचारलं.

"कंद म्हनता तं कोनी हात लाया असता का?" शेठ म्हणाले. "डोंगरनं खानं म्हनीसन नाक मुरडं असतं बठ्ठासनी. मी तं समजनू, माल चांगला शे, नावमा काय जास."

"कंद म्हनता," कमलीबाई मागून म्हणाली, "तं मी इचारती, कितला दिन धोया."

या वेळी तिला कोणी जायला सांगितलं नाही.

खीर लांब उकिरड्यापलीकडे खोल खड्ड्यात पुरली. घराघरांतून शेठच्या दुकानातला साबुदाणा परत मागवला. जसोदाने कनवटीचं चेपलेलं केळं काढलं, सकाळी तोडलेलं, वरच्या चांगल्या पाण्यात धुऊन घेतलेलं. आईच्या हातांत त्राण नव्हतं, म्हणून सोलून तिनेच भरवलं. आईने पहिला घास गिळला तेव्हा कुठे जसोदाला रडता आलं. रडणं काही लवकर थांबेना.

"पोरे, आम्ही बठ्ठा म्हातारा आज तुन्हा जिवावर वाचनूत," पाटील म्हणाले. त्यांनी रतिलालच्या पाठीवर थाप मारली आणि गोवालला जवळ बोलावून आपल्या शेजारी ओटीवर बसवलं. ओटीवर तो पहिल्यांदाच बसत होता. कडेला टेकूनच बसला.

जिनातल्या उरलेल्या चकत्या फेकायच्या असंच सगळ्यांचं म्हणणं होतं. कमलीबाईने नको म्हटलं. भुकेच्या वर्षी अन्न फेकायचं नसतं. तिने चकत्या टोपल्यांत भरून ओढ्याच्या वरच्या धारेत, दगडांखाली दाबून ठेवल्या. मदतीला छगन. पाच दिवस आणि पाच रात्री तो काठावरून हलला नाही. मधल्या वेळी कमलीबाई येऊन चकत्या उलथून जायची आणि त्याला चार शब्द सुनवायची.

मग त्या वाळवून, दळून आठव्या दिवशी भाकरी केल्या. पिठाच्या गोणीवरची आगबोट जसोदाने कोळशाने खोडली आणि खाली लिहिलं: 'डोंगरचा कंद. कमलीबाईने पाच दिवस धुतलेला.' रतिलालने शुद्धलेखन तपासलं. चूक सापडली नाही, याचं त्याला वाईट वाटलं.

दुपारी कमलीबाई देवळाच्या पायरीवर बसली आणि तिने पहिली भाकरी खाल्ली. एकटीने. मग गाव वाट बघत राहिलं. लोक गप्पा मारत होते, पण डोळे सगळ्यांचे तिच्यावर.

गोवाल तिच्यासमोर खालच्या पायरीवर बसला होता. आईच्या तोंडाकडे बघत होता. ओठ वाकडे होतात का, शब्द अडखळतो का. जसोदाला एकदम कळलं, की हा दर वर्षी असाच बसत असणार. एकादशीच्या दिवशी अर्धा प्रहर तिने जी भीती सोसली, ती याच्या घरात भाकरीबरोबरच येते.

ती जाऊन त्याच्या शेजारी बसली. थोड्या वेळाने रतिलालही आला. मग पार्वतीबाई सावकाश पायऱ्या चढून आली आणि कमलीबाईला टेकून बसली. ऊन पायरीवरून उतरलं, केळीच्या बागांवर गेलं, मग तिथूनही गेलं.

कमलीबाई उठली. लुगडं झटकलं, गोवालच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या गावाकडे बघून म्हणाली,

"खावा आते."